हात लावल्याबिगर

खोली बघायला गेलो तेव्हा चाचींनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, की डिपॉझिटचं काढलं नाही. दारातच म्हणाल्या, "हात दाव."

मी गोंधळून उजवा हात पुढे केला. त्यांनी तो आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, अंगठ्याने तळवा दाबून पाहिला आणि तोंड वाकडं केलं. "घट्टा नाय कुठं. काय काम करतोस?"

"टच स्क्रीनची मशीनं बसवतो. काचेला बोट लावलं की काम होतं, अशी."

"आन् मग तू काय करतोस?"

"लोकांना शिकवतो. बोट कसं लावायचं ते."

एखाद्याने सांगावं की मी लोकांना शिंकायला शिकवतो, तसं ते चाचींना वाटलं असणार. मग हसून म्हणाल्या, "बरं, ये. नाय तर उपाशी मरशील."

असा मी रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात राहायला आलो. रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की डाव्या हाताच्या गल्लीत चाचींचं कौलारू घर होतं. पुढच्या बाजूला व्हरांडा, व्हरांड्याला लागून माझी खोली आणि आत त्या एकट्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक लेक मस्कतला. मी कराडचा. एका एजन्सीत नोकरीला होतो आणि पेण, रोहा हे दोन तालुके माझ्याकडे होते. पतसंस्था, दवाखाने, डोलवीच्या बाजूची ठेकेदारांची ऑफिसं, जिथे मशीन मागतील तिथे बसवायचं आणि चालू करून द्यायचं. नोकरीला लागताना आम्हाला तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं. त्यात एका साहेबाने पुन्हा पुन्हा सांगितलं होतं, की स्पर्श कुणाला शिकवावा लागत नाही, तो माणसाला जन्मापासून येतो. ते मला इतकं पटलं होतं की मी वहीत लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. त्या साहेबाची आणि चाचींची एकदा गाठ घालून द्यायला हवी होती.

चाचींचा डोळ्यांवर विश्वास नव्हता. कानांवर तर नव्हताच. जे काय कळायचं ते हाताने. तांदूळ घेताना पोत्यात कोपरापर्यंत हात घालणार. बाजारात पापलेट बघायच्या आधी दाबणार, आणि कोळीण ओरडली की तिचाही हात धरून 'ताप हाय तुला, घरी जा' म्हणणार. गॅसच्या टाकीला थोपटून अजून किती दिवस जाईल ते सांगायच्या आणि ते सहसा चुकायचं नाही. मी पेणहून आलो की माझ्या मोटरसायकलच्या टाकीवर तळवा ठेवायच्या. "लय दमलीय. आज परत काढू नको तिला." मी दमलोय का, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

"हात लावल्याबिगर काय कळत नाय," हे त्यांचं दिवसातून चार वेळचं वाक्य होतं.

अशा बाईला लेकाने मस्कतहून टच फोन पाठवला. कुणी गाववाला येत होता, त्याच्या हातून आला. तोवर त्यांच्याकडे बटणांचा जुना फोन होता आणि तो त्या ओढणीच्या आतल्या आत, न बघता लावायच्या. बोलता बोलता, भाजी निवडता निवडता. नवा फोन हातात घेतला आणि पहिल्याच दिवशी मला बोलावून त्यांनी तक्रार केली.

"याला पोटच नाय रे. जुन्याचं बटण दाबलं की आत जायचं, मला कळायचं की दाबलं. हा सगळीकडून सारखा. माझं बोट कुठं हाय ते मला काय म्हाईत?"

"बघून लावायचं, चाची."

"म्हंजे हातानं कराचं काम डोळ्यांनी कराचं. आन् नाव काय, तर टच!"

यावर ट्रेनिंगमध्ये उत्तर दिलेलं नव्हतं.

पण लेकाने पाठवलेला म्हणून फोन त्यांना जीव की प्राण होता. दुधाच्या पिशवीत गुंडाळून ठेवायच्या आणि रोज दुपार कलून असरची नमाज झाली की बाहेर काढून ओढणीच्या टोकाने पुसायच्या. चालू असताना. त्या पुसण्यात फोन काय काय करायचा ते सांगायला नको. म्हसळ्याची नणंद, तळ्याचा भाचा, कोळीण आणि मी, अशा सगळ्यांना एकेक कॉल जायचा. थोड्याच दिवसांत सगळ्या नातेवाइकांना हे ठाऊक झालं. असरनंतर चाचींचा फोन वाजला की कुणी उचलायचं नाही, पुसणं चाललंय. मी मात्र उचलायचो. पेणला एखाद्या पतसंस्थेत मशीन उघडून बसलेलो असायचो आणि कानात आधी खसखस आवाज आणि मग चाचींचं स्वतःशी चाललेलं बोलणं ऐकू यायचं. एकदा माझ्याबद्दलच चाललं होतं. "पोरगा बरा हाय. आंघोळीला पाणी लय घेतो. आई बिचारी वाट बघत असंल, फोन करतो का नाय काय म्हाईत." त्या दिवशी मी लाजेकाजेस्तव आईला फोन केला.

माझ्या धंद्यातल्या अडचणी मी संध्याकाळी व्हरांड्यात चाचींना सांगायला लागलो ते असंच, बोलायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून. पुढे पुढे विचारायलाच लागलो. खारेपाटातल्या एका गावी मशीन बसवलं, तिथे मिठागरात काम केलेली माणसं. त्यांच्या बोटांची कातडी इतकी कडक आणि कोरडी की काचेला ती लागलेली कळायचीच नाहीत. एक म्हातारी तीनदा बोट लावून थकली आणि मला म्हणाली, "मशीनला मी दिसत नाय व्हय?" चाचींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बोटावर तोंडाची वाफ घालायला सांग." दुसऱ्या दिवशी म्हातारीने बोटावर हा करून वाफ घातली आणि मशीन मुकाट्याने चालू झालं. मी एजन्सीला तसा रिपोर्ट पाठवला. साहेबाचं उत्तर आलं, की ही पद्धत मॅन्युअलमध्ये नाही.

पेणची गोष्ट त्याहून मोठी. तिथल्या एका पतसंस्थेच्या चेअरमनने हट्ट धरला की मशीनच्या पहिल्या पडद्यावर गणपती हवा. पेण म्हणजे गल्लोगल्ली गणपतीचे कारखाने, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. मी सुंदर गणपती टाकला आणि खाली, बरोबर पावलांपाशी, 'पुढे जाण्यासाठी येथे स्पर्श करा' असं लिहिलं. पहिलेच आले ते एक आजोबा. त्यांनी चपला बाहेर काढल्या. हात धुवायला पाणी कुठे आहे ते विचारलं. मग येऊन दोन्ही हातांनी पावलांना स्पर्श केला, हात कपाळाला लावले, डोळे मिटले आणि उभे राहिले. तिकडे पडद्यावर खात्याची पानं उघडली, कुणी काही करत नाही म्हणून पुन्हा मिटली आणि आजोबांनी डोळे उघडले तेव्हा समोर पुन्हा गणपती. आजोबा समाधानाने घरी गेले. त्यांच्या मागच्या सगळ्यांनी तेच केलं. दुपारपर्यंत मशीनपुढे जास्वंदीची फुलं साठली होती, आणि खात्याचं काम एकाचंही झालं नव्हतं.

चाची ऐकून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायल्यावर म्हणाल्या, "चूक तुझी हाय. त्यांच्या देवावर बोट ठेवायला सांगतोस आन् वर म्हणतोस, त्यांना येत नाय. हात कशाला कसा लावायचा हे त्यांना तुझ्यापरीस जास्त येतं."

मी गणपती वर सरकवला आणि खाली एक साधं निळं बटण दिलं. मशीन चाललं. तेव्हा मला वाटलं होतं की चाचींचं हे वाक्य मला समजलं. ते मला अजिबात समजलं नव्हतं, हे पुढे कळलं.

चाचींच्या लेकाने तिकडे लग्न केलं होतं. मुलगी केरळची, नर्स. त्यांच्याच जमातीतली, पण आईला न विचारता. वर्षभर चाची त्याच्याशी बोलल्या नाहीत. फोन हा त्याचा समेटाचा प्रयत्न होता. दर शुक्रवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. मी घरी असलो तर चाची मला व्हरांड्यात बसवून मधलं दार लावून घ्यायच्या. "सून येनार समोर. परक्या पुरुषानं बघायचं नाय." मी निमूट बाहेर बसायचो. आतून त्यांचा आवाज यायचा, लेकाशी चढ्या सुरात, तुटक बोलणं. मग एकदम शांतता. दोन-तीन मिनिटांत कॉल संपलेला असायचा आणि चाची बाहेर येऊन कारण नसताना अंगण झाडायला लागायच्या. फोन पुन्हा वाजायचा, वाजून वाजून थांबायचा. चाची झाडतच राहायच्या.

मी मधे पडत नव्हतो. सासू-सुनेच्या मधे भाडेकरूने पडू नये, इतकी अक्कल मला होती.

मग एके दिवशी लेकाचा फोन मला आला. नंबर त्याला म्हसळ्याच्या आत्याने दिला होता. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "भाई, एक सांगा. अम्मी एवढी रागावलीय का अजून? माझ्याशी बोलते. पण हिचा चेहरा समोर आला की फोन कापते. दर शुक्रवारी. एक शब्द बोलत नाय तिच्याशी. सहा महिने झाले. हिला आता पाचवा लागलाय. बाळंतपणाला रोह्याला जायचं, असं तीच म्हणत होती. आता म्हणते, ज्यांना माझं तोंड बघवत नाय त्यांच्या घरी कशी जाऊ? केरळला जाईन म्हणते. एकदा तिकडं गेली ना भाई, तर मग अम्मीचं आन् आमचं संपलंच."

मला चाचींचा राग आला, खरंच सांगतो. संध्याकाळी मी स्पष्टच विचारलं. "चाची, सुनेचा फोन का कापता?"

चाचींच्या हातातलं तांदळाचं सूप थांबलं. "मी? मी कापते? मी कशाला कापीन? तीच ठेवते. माझं तोंड दिसलं रे दिसलं की ठेवते. मी तिच्यावरनं हात फिरवायला जाते आन् ती फोन बंद करते. दर खेपेला. मग लेक परत लावतो, त्याला काय सांगू म्हणून मी उचलतच नाय."

"मग लेकाला का नाही सांगितलं?"

"सुनेची चुगली लेकाकडं? घर मोडायचंय व्हय मला?" आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "गोरी हाय, नाजूक हाय. मी म्हातारी, काळी. तिला नसंल आवडत."

मी तिथेच खाली बसलो. मला 'हात फिरवायला जाते' एवढेच शब्द ऐकू आले होते. "चाची," मी म्हटलं, "तुम्ही नेमकं काय करता ते मला करून दाखवा. मी बाहेर जातो आणि तुम्हाला कॉल लावतो. समजा, मी तुमची सून."

"तू? मिशा बघ तुझ्या!"

मी पंचा डोक्यावरून घेतला. व्हरांड्यात जाऊन कॉल लावला. पडद्यावर चाची आल्या, त्यांनी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. आधी त्यांना हसू आवरेना. मग चेहरा गंभीर झाला, ओठ काही पुटपुटले, दोन्ही तळवे पुढे आले, माझा पडदा काळोखला आणि कॉल संपला.

"बघितलंस?" आतून आवाज आला. "ठेवला तिनं!"

"चाची, मी नाही ठेवला."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी आत जाऊन त्यांच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, आता सावकाश करा. त्यांनी सावकाश केलं. दोन्ही तळवे पडद्यावरच्या कपाळापासून निघाले, गालांवरून खाली आले. हात लागताच काचेवर बटणं उमटली. तळवे हनुवटीपाशी जुळले. हनुवटीच्या जागी लाल बटण होतं.

आमच्याकडेही बायका हेच करतात. लेकराच्या तोंडावरून हात उतरवायचे, आपल्या कानशिलांवर नेऊन कडाकडा बोटं मोडायची आणि त्याची इडापिडा आपल्यावर घ्यायची. माझी आजी प्रत्येक सुट्टीत करायची. चाचींच्या घरची रीत अशी, की नव्या सुनेचं तोंड पाहिलं की आधी अशी बला घ्यायची, मग बोलायचं. लेकावर राग होता, म्हणून त्याच्यावरून त्यांनी कधी हात फिरवला नव्हता आणि म्हणून त्याचा कॉल कधी तुटला नव्हता. सुनेवर मात्र पहिल्या दिवसापासून माया. हात हनुवटीला पोचला की कॉल तुटायचा, बोटं मोडायची राहायची. आणि बला अर्धी सोडता येत नाही, म्हणून पुढच्या शुक्रवारी पुन्हा कपाळापासून सुरुवात.

मी त्यांना लाल बटण दाखवलं. कशासाठी असतं ते सांगितलं.

"म्हंजे सा महिने," चाची म्हणाल्या, "पोर माझ्या समोर यायची आन् मी तिच्या तोंडावर दार लावत होते?"

रडल्या नाहीत, पण त्यांचे हात मांडीवर असे पडले होते की मला बघवेना. स्वतःची लाजही वाटली. दोन तालुक्यांना बोट लावायला शिकवणारा मी, एका भिंतीपलीकडे सहा महिने बसून होतो.

लेकाला मी त्याच रात्री कळवू शकलो असतो. चाचींनी शपथ घातली. "तू सांगितलंस तर तिला वाटंल, तुला शिकवून पाठवलं. तिला तिच्या डोळ्यांनी बघू दे."

तर मग शुक्रवारपर्यंत तयारी. सोपा उपाय म्हणजे हात लावायचा नाही. चाचींनी करून पाहिलं, तळवे मांडीखाली दाबून बसल्या आणि पंचा घेतलेल्या माझ्याशी बोलायला लागल्या. एक वाक्य धड येईना. "हात बांधले की माझी जीभ चालत नाय. आन् नुसतं बघायचंच तर मी टीव्ही बघीन की!"

मग मला माझं ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आठवलं. खोलीत खिळ्याला टांगलं होतं, जाड काचेच्या फ्रेममध्ये. मी सर्टिफिकेट काढून गादीखाली घातलं, फ्रेमच्या आत फोन बसवला आणि मागून पुठ्ठ्याचे तुकडे लावले. फोन आणि फ्रेमची काच यांच्यात बोटभर फट राहिली. वरून कितीही हात फिरवा, फोनला पत्ता लागत नव्हता. कॉल आला की मागून काढून उचलायचा आणि परत आत सरकवायचा. इतकी वर्षं मी माणसांचा हात काचेला कळावा म्हणून धडपडत होतो, आणि माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम हे त्याच्या नेमकं उलट होतं. अर्थात, मॅन्युअलमध्ये तेही नाही.

शुक्रवारी कॉल आला. मी व्हरांड्यात, दार बंद. लेकाशी दोन शब्द झाले. मग ती नेहमीची शांतता. आणि मग आतून कडाकडा बोटं मोडल्याचा आवाज आला, दहाच्या दहा.

"जेवलीस का गो?" चाचींनी विचारलं.

पलीकडून एका मुलीचं रडणं ऐकू आलं आणि त्या रडण्यातच, मोडक्या हिंदीत, "जी अम्मी, खाया."

त्या दिवशी मी दीड तास व्हरांड्यात बसलो. एकीला मल्याळम आणि थोडं हिंदी, दुसरीला आपली रोह्याची बोली, पण दोघींना बोलायला काही कमी पडलं नाही. शेवटी चाची बाहेर आल्या. मला वाटलं, आता मला दुवा देतील. त्या नाराज होत्या.

"काच थंड हाय रे," म्हणाल्या. "गाल कुठं हाय, काय कळत नाय. तिला सांगितलं, ये म्हणून. हात लावल्याबिगर मला नाय चालायचं."

सून सातव्या महिन्यात आली. विमानतळावरून गाडी निघाली आणि वडखळच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकली, त्या तासात चाची पुलापर्यंत चार वेळा जाऊन आल्या. गाडी गल्लीत शिरली तेव्हा बॅगा उतरवायला मी पुढे झालो. मला आत जा म्हणायचं त्या साफ विसरल्या. लेक उतरला, त्याच्याकडे त्यांनी बघितलंदेखील नाही. मग ती उतरली, सावकाश, एक हात कमरेवर ठेवून.

चाचींचे दोन्ही हात वर गेले. तिच्या कपाळापाशी पोचले आणि चार बोटं अलीकडेच थांबले. त्या माझ्याकडे वळल्या. इतका घाबरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

"लावू का रे?" त्यांनी विचारलं. "जानार नाय ना ती?"

त्या मुलीला यातला एक शब्द कळला नसेल. तिने चाचींची मनगटं धरली आणि ते तळवे आपल्या चेहऱ्यावर ठेवून घेतले. चाचींनी हात खाली आणले, कपाळावरून, गालांवरून, हळूहळू हनुवटीपर्यंत. आणि ती समोर होतीच.